बिल निघण्याआधी विचारा: परवान्याची लाच आणि कंत्राटातली टक्केवारी रोखायची कशी

गावातला काँक्रीटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला की ग्रामसभेत आरडाओरड होते, पेपरात फोटो छापून येतो, कुणीतरी तहसील कार्यालयासमोर उपोषणाला बसतं. तोवर ठेकेदाराचं अंतिम बिल निघालेलं असतं. मोजमाप पुस्तिकेत तोच रस्ता पूर्ण लांबीचा, पूर्ण जाडीचा म्हणून नोंदलेला असतो. मग चौकशी समिती, तिचा अहवाल, त्यावर खुलासा, खुलाशावर अभिप्राय. यात वर्षं जातात आणि पैसा परत येत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पैसा हलण्याआधी कागद मागा. कोणत्या टप्प्यावर कोणता कागद तयार होतो, तो कुणाच्या कपाटात असतो आणि हातात कसा घ्यायचा, हे माहीत असलेली चार-पाच माणसं गावात किंवा वॉर्डात असली तरी कामावर सही करणारे सावध होतात. पुढची पद्धत महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला धरून लिहिली आहे. आधी परवाने, मग कंत्राटं. कंत्राटांचा भाग मोठा आहे, कारण सगळ्यांचा पैसा तिथे जातो.

परवाना खरंच लागतो का?

अनेक ठिकाणी लोक न लागणाऱ्या परवान्यासाठी पैसे मोजतात. सर्वात ठळक उदाहरण म्हणजे ‘शॉप ॲक्ट’. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये नवा झाला. त्यानुसार कायद्यात ठरलेल्या संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला (सुरुवातीला ही मर्यादा दहाची होती) नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही, धंदा सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची असते. तरीही ‘शॉप ॲक्ट काढून देतो’ म्हणणारे एजंट या एका अर्जाचे मनाला येईल तेवढे पैसे घेतात आणि त्यातले काही साहेबांना द्यावे लागतात, असंही सांगतात. अशा वेळी साहेबांचा बहुधा काही संबंधच नसतो. कोणताही दाखला किंवा परवाना काढायला निघण्याआधी कायद्याने तो कुणाला लागतो, शुल्क किती आणि मुदत किती, हे तीन प्रश्न ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा त्या खात्याच्या संकेतस्थळावर तपासा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या.

पावतीवरची तारीख हेच तुमचं हत्यार

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे आणि ती देणारा पदनिर्देशित अधिकारीही ठरलेला आहे. कार्यालयात सेवा, शुल्क, मुदत आणि अपील अधिकारी यांचा फलक लावणं बंधनकारक आहे. फलक नसेल तर तिथूनच लेखी विचारणा सुरू करा.

अर्ज शक्यतो ऑनलाइन करा. हातात द्यावाच लागला तर अर्ज क्रमांक आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ हे शब्द ऐकू आले की समजा, मुदतीचं घड्याळ सुरू होऊ द्यायचं नाही असा बेत आहे. मुदत पूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. म्हणून त्रुटी एकेक करून काढण्याची खोड अनेक टेबलांवर असते: आज फोटो, पुढच्या आठवड्यात प्रतिज्ञापत्र, त्यानंतर जुनी कर पावती. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या त्रुटीलाच लेखी सांगा, ‘या अर्जातील सर्व त्रुटी एकाच पत्राने कळवाव्यात.’ या पत्राचीही पोच घ्या.

मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. तिथे न्याय मिळाला नाही तर दुसरं अपील, आणि त्यानंतर साठ दिवसांत थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं अपील. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम छोटी वाटते, पण दंडाचा आदेश फाईलवर येतो आणि त्याची धास्ती रकमेपेक्षा मोठी असते. अनेकदा अपिलाचा अर्ज आवक झाल्याबरोबर अडलेला दाखला तयार होतो. वकील लागत नाही. अपिलात रागाने भरलेला मजकूर मात्र नको. अर्जाची तारीख, मुदतीची तारीख आणि आजची तारीख या तीन ओळी पुरतात.

पैसे मागितले तर

लाच मागितली गेली की माणूस गोंधळतो आणि ‘किती द्यायचे’ याची घासाघीस सुरू करतो. इथेच चूक होते. तुम्ही होकार देऊ नका, आकडा सुचवू नका, भांडूही नका. ‘पैशांची सोय बघावी लागेल’ एवढं बोलून बाहेर पडा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा किंवा जिल्ह्याच्या युनिटला जा.

पुढे काय होतं ते माहीत असलं की भीती कमी होते. आधी लेखी तक्रार घेतात. मग पडताळणी: तुमच्याजवळ आवाज नोंदवणारं यंत्र देऊन, पंचाच्या उपस्थितीत, समोरचा खरंच मागणी करतो का हे पाहिलं जातं. मागणी सिद्ध झाली तर सापळा. तुम्ही आणलेल्या नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहिले जातात, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावली जाते. समोरच्याने नोटा हातात घेतल्या आणि तुम्ही ठरलेला इशारा केला की पथक आत येतं. त्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं, आणि ते पाणी बाटलीत सीलबंद करून पुरावा म्हणून ठेवलं जातं. सापळ्यात गुंतलेली रक्कम तक्रारदाराला परत करण्याची तरतूद आहे.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे, त्यात २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्यातली एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. लाच देणं हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे. पण तुम्हाला भाग पाडलं गेलं असेल आणि दिल्यापासून सात दिवसांच्या आत तुम्ही तपास यंत्रणेला कळवलं, तर संरक्षण आहे. आधीच यंत्रणेला सांगून सापळ्यासाठी पैसे दिले, तर गुन्हा लागत नाही. म्हणजे ‘दिले, आता गप्प बसू’ हा सर्वात धोक्याचा पर्याय आहे. मधल्या एजंटामार्फत मागणी झाली तरी तक्रार करता येते, कारण मध्यस्थावरही याच कायद्याने कारवाई होते.

कंत्राट: अंदाजपत्रकाच्या वेळीच लक्ष घाला

सार्वजनिक कामाचा प्रवास असा असतो: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप, बिल, दोषदायित्व कालावधी. टक्केवारीची सोय बहुतेक वेळा पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यांत केलेली असते. मधलं टेंडर आता ऑनलाइन झालंय, त्यामुळे सगळ्यांची नजर तिथेच खिळते.

अंदाजपत्रकात तीन गोष्टी बघा. पहिली, काम आधी झालेलं आहे का. गेल्या तीन-चार वर्षांत त्याच रस्त्यावर आमदार निधी, वित्त आयोग किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून खर्च पडला असेल तर नाव थोडं बदलून तेच काम पुन्हा आलेलं असू शकतं. ‘मारुती मंदिर ते शाळा’ एकदा आणि ‘शाळा ते मारुती मंदिर’ दुसऱ्यांदा. ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो, तिथे मागची वर्षं उघडून पाहा. दुसरी, दर. प्रत्येक बाबीचा दर चालू दरसूचीतला आहे का, आणि खडी-वाळूच्या वाहतुकीचं अंतर खरं आहे का. खाण जवळ असताना दूरची दाखवली की वाहतुकीतच पैसे निघतात. तिसरी, तुकडे. एकच रस्ता ‘भाग १’, ‘भाग २’, ‘भाग ३’ करून प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली बसवला जातो. मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांना खुल्या स्पर्धेशिवाय काम देण्याची सोय चांगल्या हेतूने केलेली आहे, पण तुकडे पाडून तिचा गैरवापर होतो आणि संस्थेच्या नावावर भलताच माणूस काम करतो. ई-निविदेची मर्यादा शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलत आली आहे, म्हणून चालू आकडा लेखी विचारून घ्या आणि तुकड्यांच्या रकमेशेजारी ठेवा.

निविदेच्या अटी कुणाच्या मापाच्या आहेत?

‘महाटेंडर्स’ पोर्टलवर निविदा कुणालाही उघडून वाचता येते. लांबलचक असते, पण पात्रतेच्या अटींची चार पानं नीट वाचली तरी बरंच कळतं. केंद्रीय दक्षता आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्वानुभवाची अट साधारण अशी असते: अंदाजित किमतीच्या ८० टक्के रकमेचं एक काम, किंवा ४० टक्क्यांची तीन कामं. वीस लाखांच्या गटारासाठी एक कोटीच्या कामाचा अनुभव मागितला असेल, तर ती अट कुणाला तरी आत ठेवण्यासाठी आणि बाकीच्यांना बाहेर काढण्यासाठी आहे.

एका अटीकडे विशेष लक्ष द्या: ‘जागा पाहणी केल्याबाबत उपअभियंत्याचा दाखला जोडावा.’ वरवर निरुपद्रवी वाटते. पण तो दाखला घ्यायला गेलेल्या प्रत्येक ठेकेदाराचं नाव कार्यालयाला टेंडर उघडण्याआधीच कळतं. त्यानंतर त्याला फोन जातो. नाहीतर दाखला देणारे साहेब नेमके रजेवर जातात. अशीच दुसरी अट डांबर प्लांट अमुक किलोमीटरच्या आत असण्याची. डांबर थंड होऊ नये म्हणून अंतराला तांत्रिक अर्थ आहे, पण ते इतकं तोकडं ठेवलेलं असतं की एकच प्लांट त्यात बसतो.

या अटींवर हरकत निविदा भरण्याची मुदत संपण्याआधीच लेखी द्यायला हवी. बोलीपूर्व बैठक असेल तर तिथे मांडा आणि इतिवृत्तात नोंद झाली का पाहा. प्रामाणिक ठेकेदारांना माझी कळकळीची विनंती आहे, ही हरकत तुम्हीच घ्या. मागाहून कोर्टात गेल्यावर ‘तेव्हा का बोलला नाहीत’ हा पहिला प्रश्न येतो.

रिंग, म्हणजे ठेकेदारांचं आपसातलं संगनमत, ओळखायची कशी

टेंडर उघडल्यावर तुलनात्मक तक्ता पाहा. तीन निविदा आल्या, एक अंदाजपत्रकापेक्षा किंचित कमी आणि दोन किंचित जास्त, असं चित्र गावोगाव वर्षानुवर्षं तेच दिसत असेल तर थांबा. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या त्या कार्यालयाच्या सगळ्या कामांचे विजेते आणि पराभूत एका कागदावर मांडा. तिघेच जण पाळीपाळीने जिंकताना दिसले की शंका पक्की होते. अर्जांतले पत्ते, दूरध्वनी क्रमांक, एकच टायपिंगची चूक, बयाणा रकमेचा उगम, निविदा कुठल्या संगणकावरून भरल्या, हे सगळं तपासता येतं.

ही तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे जाते. पुणे महापालिकेने घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांसाठी काढलेल्या निविदांबाबत नागरिक चेतना मंच या पुण्यातल्या संघटनेने आयोगाकडे तक्रार केली होती. २०१८ मध्ये आयोगाने संगनमत झाल्याचं मान्य केलं. स्पर्धा दिसावी म्हणून डमी निविदा भरल्या गेल्या होत्या. संगनमताची कबुली देऊन पुरावा देणाऱ्याला दंडात सवलत मिळते, आणि त्या प्रकरणात कंपन्यांनी ती सवलत मागितलीही. रिंगमध्ये मन मारून सामील झालेल्या ठेकेदाराने ही वाट लक्षात ठेवावी.

कार्यारंभ आदेश निघाला की माहिती अधिकाराचा अर्ज टाका

काम झाल्यावर नव्हे, सुरू होताना. उत्तराला तीस दिवस लागतात, आणि छोटा रस्ता त्याच्या आत संपतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. मजकूर असा ठेवा:

‘(कामाचं अंदाजपत्रकातलं पूर्ण नाव) या कामाबाबत: १) प्रशासकीय व तांत्रिक मान्यता आणि अंदाजपत्रक. २) निविदा सूचना, शुद्धिपत्रकं व तुलनात्मक तक्ता. ३) करारनामा व कार्यारंभ आदेश. ४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पानं. ५) गुणवत्ता चाचणी अहवाल. ६) सादर व अदा झालेली देयकं. ७) मूळ नस्तीची (फाईलची) पाहणी. ८) कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना.’

शेवटचा मुद्दा अनेकांना माहीत नसतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्येच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिलेला आहे. नमुन्याची मागणी अर्जात दिसली की कार्यालयातून ठेकेदाराला निरोप जातो. जाऊ द्या. काम नीट झालं तर हेतू साध्य झाला.

तीस दिवस थांबणं शक्य नसेल तर सोमवार गाठा. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. निर्णयाची प्रत सोबत ठेवा, कारण पुष्कळ ठिकाणी ‘असं काही नाही’ असं उत्तर मिळतं.

मोजमाप पुस्तिका आणि टेप

सगळ्या कामाचा जीव या एका पुस्तिकेत आहे. लोक तिला एम. बी. म्हणतात. अभियंत्याने जागेवर जाऊन मोजायचं, लांबी-रुंदी-जाडी त्यात लिहायची, सही करायची, आणि त्यावरून बिल. प्रत्यक्षात ती अनेकदा ऑफिसात बसून भरली जाते. ओळखायची खूण अशी की सगळी मापं अंदाजपत्रकाशी तंतोतंत जुळतात. खरा रस्ता वळणावर रुंद होतो, एखाद्या ओट्यापाशी अरुंद होतो, मापात थोडा फरक पडतोच.

एक हिशेब करून पाहा. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाडीच्या रस्त्याला ४५ घनमीटर काँक्रीट लागतं. जाडी १२ सेंटिमीटर केली तर ३६. लांबी-रुंदी चोख, वरून रस्ता तसाच दिसतो आणि ९ घनमीटर गायब. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साडेसहा ते आठ गोण्या सिमेंट धरलं, तर साठ-सत्तर गोण्या नुसत्या सिमेंटच्या गेल्या.

म्हणून जाडी कडेला मोजायची आणि साइडपट्टीचा मुरूम भरण्याआधी मोजायची. साइडपट्टी भरली की कड झाकली जाते आणि मग यंत्राने कोअर (रस्त्याचा आरपार गोल तुकडा) काढल्याशिवाय काही कळत नाही. चार ठिकाणी टेप लावा, टेप दिसेल असा फोटो काढा, जवळचा विजेचा खांब किंवा घर फोटोत येऊ द्या. जागेवरच साध्या कागदावर मापं लिहून उपस्थितांच्या सह्या घ्या. अभियंत्याला आधी कळवून बोलावलं तर उत्तम.

चाचण्यांच्या तारखाही बोलतात. काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद २८ दिवसांनी तपासतात. ओतल्यापासून २८ दिवस व्हायच्या आत अंतिम बिल निघालं असेल तर कोणत्या अहवालावर निघालं, हे विचारा. डांबराच्या कामात डांबर खरेदीची चलनं मागा आणि त्यांचे क्रमांक शेजारच्या कामाच्या चलनांशी ताडून पाहा. एकच चलन दोन कामांना जोडलेलं सापडतं.

बिलाआधीचं पत्र

फरक सापडला की आधी पेपरात जाऊ नका, आधी पत्र द्या. ग्रामपंचायतीचं काम असेल तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना (लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवक), प्रती गटविकास अधिकारी, उपअभियंता आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांना. पत्रात भ्रष्टाचार, लूट, संगनमत असे शब्द टाळा. ‘अमुक ठिकाणी जाडी अंदाजपत्रकात १५, प्रत्यक्षात १२ सेंटिमीटर आढळली. आमच्या उपस्थितीत फेरमोजमाप होईपर्यंत देयक अदा करू नये’ एवढं लिहा, फोटो जोडा, आवक क्रमांक घ्या. हे पत्र आवक झाल्यावर बिलावर सही करणारा नंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही. माझ्या मते या सगळ्या पद्धतीत याहून परिणामकारक कागद दुसरा नाही.

ठेकेदारामागे पंचायतीचाच सदस्य असेल, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरू शकतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवालही मागा. लेखापरीक्षकाने आधीच घेतलेले आक्षेप त्यात पडून असतात. वरिष्ठ दाद देत नसतील तर लोकायुक्तांकडे प्रतिज्ञापत्रासह तक्रार करता येते.

चांगला सरपंच किंवा नगरसेवक असेल तर त्याने ग्रामसभेत किंवा सभागृहात ठराव करून घ्यावा की बिल काढण्याआधी मोजमापाची पानं आणि फोटो सूचना फलकावर लावले जातील. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

एकट्याने करू नका

जमीन व्यवहारांतले गैरप्रकार उघड करणारे तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांची २०१० मध्ये हत्या झाली. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, पण तो लागू झालेला नाही. म्हणून काळजी आपणच घ्यायची. अर्ज वेगवेगळ्या नावांनी टाका, पत्रावर अनेकांच्या सह्या असू द्या, प्रत्येक कागदाची प्रत तालुक्याबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवा. ठेकेदाराने ‘बसून बोलू’ म्हटलं तर एकट्याने जाऊ नका आणि त्याच्याकडून चहापलीकडे काही घेऊ नका. धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या, अदखलपात्र नोंद झाली तरी तिची प्रत घ्या. आणि ज्याने मोजमाप करून तक्रार मागे घेण्याचे पैसे घेतले, त्याला गटात ठेवू नका. असे लोक बाकीच्या सगळ्यांची पत घालवतात.

दोषदायित्वाची तारीख

अंतिम बिल निघाल्यावरही एक दार उघडं असतं. करारनाम्यात दोषदायित्व कालावधी दिलेला असतो आणि तेवढ्या काळात खड्डे, भेगा, खचणं हे सगळं ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. त्याची सुरक्षा अनामत तोवर कार्यालयाकडे असते. करारनाम्यातून काम पूर्ण झाल्याची तारीख आणि हा कालावधी काढून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. मुदत संपायच्या दोन महिने आधी रस्त्यावरून फिरून फोटो काढा, दोषांची यादी आवक करा आणि त्या पत्रात स्पष्ट लिहा: ‘या दोषांची दुरुस्ती होऊन संयुक्त पाहणी झाल्याशिवाय अनामत रक्कम परत करू नये.’ त्याच रस्त्याच्या दुरुस्तीचं नवं अंदाजपत्रक याच काळात तयार होत असेल, तर त्यालाही हीच यादी जोडून हरकत द्या.